'डॉक्टर हू'ची सुरुवातीची ऑडिओ नाटकं: पुण्यात ऐकायला बसणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी संध्याकाळी, जमेल तेव्हा, कर्वेनगरात एका मित्राच्या घरी आम्ही काही जण जमतो आणि 'डॉक्टर हू'ची १९९९ ते २००३ या काळातली ऑडिओ नाटकं पुन्हा ऐकतो. नवीन आलेला प्रत्येक माणूस साधारण तेच विचारतो आणि मधल्या चहाचा वेळ त्यातच जातो, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. मतं माझी आहेत. गटातल्या बऱ्याच जणांना ती पटत नाहीत, आणि ते तसं तोंडावर सांगतातही.

'डॉक्टर हू' म्हणजे नक्की काय? थोडक्यात सांगा.

बीबीसीची विज्ञानकथा मालिका. पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ रोजी दाखवला गेला. डॉक्टर हा परग्रहावरचा प्रवासी. टार्डिस नावाच्या यानातून तो काळात आणि अवकाशात कुठेही जातो. यान बाहेरून लंडनच्या जुन्या निळ्या पोलीस बॉक्ससारखं दिसतं, आतून मात्र अवाढव्य आहे. मरायला टेकला की डॉक्टरचं शरीर बदलतं, चेहरा बदलतो, स्वभावही बदलतो. म्हणून नट बदलत राहिले तरी मालिका चालू राहते. सोबतीला बहुधा पृथ्वीवरचं कुणीतरी असतं. एवढं पुरे.

मी टीव्हीवर एकही भाग पाहिलेला नाही. बसू का?

बसा. नारळीकरांच्या विज्ञानकथांवर वाढलेल्या पुणेकराला काळप्रवास समजावून सांगावा लागत नाही. उलट न पाहिलेल्यांचा एक फायदाच असतो. जुन्या मालिकेतले हलणारे सेट आणि रबरी राक्षस त्यांच्या डोळ्यांसमोर येत नाहीत. ते ऐकतात ते सरळ नाटक.

टीव्हीवरची मालिका कानांसाठी कुणी काढली? आणि का?

कारण टीव्हीवर ती उरलीच नव्हती. ६ डिसेंबर १९८९ ला शेवटचा भाग दाखवला गेला आणि बीबीसीने पुढचे भाग काढले नाहीत. १९९६ मध्ये पॉल मॅकगॅनला आठवा डॉक्टर करून एक टीव्हीपट निघाला. त्यातून मालिका उभी राहील अशी आशा होती, ती राहिली नाही. पडद्यावर मालिका परतली ती थेट २६ मार्च २००५ रोजी. मधली पंधरा वर्षं कादंबऱ्या, मासिकातली चित्रकथा आणि शेवटी ही ऑडिओ नाटकं, यांनी डॉक्टरला जिवंत ठेवलं.

नाटकं काढणाऱ्या कंपनीचं नाव बिग फिनिश. मात्र तिची मुळं आणखी मागे जातात. १९८०च्या दशकात काही चाहत्यांनी 'ऑडिओ व्हिज्युअल्स' या नावाने घरगुती नाटकं ध्वनिमुद्रित करून कॅसेटवर वाटली होती. त्यांत डॉक्टरचं काम निकोलस ब्रिग्ज करायचा. त्याच मंडळींपैकी काही जण पुढे बिग फिनिशमध्ये आले. त्यांनी आधी १९९८ मध्ये बर्निस समरफील्ड या कादंबऱ्यांतल्या पात्रावर नाटकं काढली. लिसा बाउरमनने ती भूमिका केली. हे जमतं असं दिसल्यावर बीबीसीकडून डॉक्टरची परवानगी मिळाली आणि जुलै १९९९ मध्ये 'द सायरन्स ऑफ टाइम' बाजारात आलं. पीटर डेव्हिसन, कॉलिन बेकर आणि सिल्व्हेस्टर मॅकॉय हे टीव्हीवरचे अनुक्रमे पाचवे, सहावे आणि सातवे डॉक्टर त्यात होते.

आणखी एक धागा मला फार महत्त्वाचा वाटतो. १९६०च्या दशकातले नव्वदहून अधिक भाग बीबीसीने टेप पुसून आणि फिल्म टाकून देऊन घालवले. चित्र गेलं. आवाज मात्र प्रत्येक भागाचा शिल्लक आहे, कारण काही मुलांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर लावून तो उतरवून घेतला होता. म्हणजे या मालिकेचे कट्टर चाहते कित्येक वर्षं ती कानानेच अनुभवत होते. १९९९ मध्ये त्यांच्यासमोर नाटक आलं तेव्हा कान तयार होता. लिहिणाऱ्यांची लेखणी मात्र अजून टीव्हीचीच होती, आणि आमच्या बैठकांचा खरा विषय तोच आहे: ही लेखणी हळूहळू कानासाठी कशी लिहायला लागली.

मग पहिल्या नाटकापासून क्रमाने ऐकू ना?

नको. 'द सायरन्स ऑफ टाइम'मध्ये पहिले तीन भाग एकेका डॉक्टरचे आणि चौथ्यात तिघं एकत्र, अशी मांडणी आहे. जुन्या चाहत्यासाठी तो सण होता. नव्या माणसाला तीन वेळा नव्याने सुरुवात करावी लागते, आणि शेवटी तिघं भेटतात त्याचं त्याला काहीच वाटत नाही. ब्रिग्जने लिहिलं, दिग्दर्शित केलं, पुढे याच माणसाने फार चांगलं काम केलं. पण सुरुवातीला हे लावलं की पुढच्या वेळी खुर्च्या रिकाम्या राहतात.

मग सुरुवात कुठून करायची?

आमच्याकडे नव्यांना आधी 'फँटस्मगोरिया' ऐकवतात. ऑक्टोबर १९९९, लेखक मार्क गॅटिस, काळ १७०२ सालचं लंडन, पत्त्यांचा डाव आणि माणसं गायब होणं. जुन्या भयकथेचा बाज आहे, पात्रं लगेच ओळखू येतात आणि पाचवा डॉक्टर म्हणजे डेव्हिसन सभ्य, सौम्य माणूस आहे. थोर नाटक नाही, पण दार उघडतं.

त्यानंतर 'द मेरियन कॉन्स्पिरसी', मार्च २०००, लेखिका जॅकलिन रेनर. ट्यूडर काळातलं इंग्लंड, मेरी राणीचं राज्य, आणि इथे एव्हलिन स्माइथ पहिल्यांदा भेटते. तिच्याबद्दल खाली लिहिलं आहे. मग 'द फायर्स ऑफ व्हल्कन', सप्टेंबर २०००, ज्वालामुखी फुटण्याच्या आदल्या दिवसांतलं पॉम्पेई. टीव्ही मालिकेने पॉम्पेईला हात घातला तो २००८ मध्ये.

आणि मग, थोडा कान बसल्यावर, 'द चाइम्स ऑफ मिडनाइट' (फेब्रुवारी २००२) आणि 'स्पेअर पार्ट्स' (जुलै २००२). ही दोन आधी ऐकली तर बाकीची फिकी वाटतात, म्हणून त्यांना घाई करू नका.

आज ऐकताना सगळ्यांत जास्त काय खटकतं?

दिसणाऱ्या गोष्टी पात्रांनी मोठ्याने सांगणं. 'अरे बापरे, तो हिरवा प्राणी डाव्या दारातून आपल्याकडेच येतोय, आणि त्याच्या हातात काहीतरी चमकतंय!' जीव वाचवायला पळणारा माणूस असं बोलत नाही. पहिल्या दीड-दोन वर्षांतल्या नाटकांत हे बरंच आहे. 'स्टॉर्म वॉर्निंग' इतकं गाजलेलं नाटक, पण सुरुवातीला डॉक्टर टार्डिसमध्ये एकटाच मोठमोठ्याने बोलत बसतो, कारण श्रोत्याला सांगायला दुसरं कुणी नाही.

याशिवाय पाठलाग फार आहेत. टीव्हीवर बोळातून पळणं स्वस्त पडायचं. ऑडिओत पळणं म्हणजे नुसती धाप आणि बुटांचा आवाज. लेझर बंदुकांचे आवाज सगळीकडे एकाच डब्यातून काढल्यासारखे येतात. काही नाटकं अर्धा तास कापली असती तर बरी झाली असती.

कॉलेजमध्ये एकांकिका लिहितो. यातून मला काय मिळेल?

हा प्रश्न पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या तालमी सुरू झाल्या की हमखास येतो, आणि मला तो सगळ्यांत आवडतो.

कानासाठी लिहिणं हे टप्प्याटप्प्याने कसं उमगत गेलं, ते ओळीने ऐकायचं असेल तर चार-पाच नाटकं घ्या. पहिलं 'व्हिस्पर्स ऑफ टेरर', नोव्हेंबर १९९९, लेखक जस्टिन रिचर्ड्स. ही मालिकेची तिसरीच श्रुतिका. घटना घडतात त्या ध्वनिमुद्रणांच्या संग्रहालयात, आणि धोका आहे तो आवाजातच राहणाऱ्या प्राण्याचा. म्हणजे टीव्हीवर जे दाखवताच आलं नसतं ते इथे केंद्रस्थानी आहे. संवाद अजून जड आहेत, पण कल्पना अचूक आहे. दुसरं 'द फिअरमाँगर', फेब्रुवारी २०००, जॉनथन ब्लम. रेडिओवर आग ओकणारा निवेदक, द्वेषावर मतं मागणारी पुढारी, आणि दुसऱ्याच्या बोलण्यात राक्षस ऐकू येणारा माणूस. नक्की राक्षस आहे की ऐकणाऱ्याच्या डोक्यात आहे? कॅमेरा असता तर हे पहिल्या दहा मिनिटांत कळलं असतं. इथे कळत नाही, आणि ते न कळणंच नाटक पुढे ढकलतं. चोवीस तास चालणाऱ्या बातम्यांच्या वाहिन्यांची सवय झालेल्या आपल्या कानांना ते आज जास्तच बोचतं.

तिसरं, 'द होली टेरर', नोव्हेंबर २०००. रॉबर्ट शिअरमनचं या मालिकेतलं पहिलं नाटक. सम्राटालाच देव मानणारं राज्य, सम्राट मेला की जुना देव रीतसर रद्द आणि नवा चालू. दरबाराचा इतिहास लिहून ठेवणारा एक म्हातारा लेखनिक आहे, सॅम केलीने त्याचं काम केलंय. डॉक्टरच्या सोबतीला पेंग्विनचं रूप घेणारा फ्रोबिशर, चित्रकथेतून आलेला. पहिला तास तुम्ही हसता. पुढे काय होतं ते सांगणार नाही. लिहिणाऱ्यांनी एवढंच पाहावं की विनोदी वाटलेल्या गोष्टींचे अर्थ शिअरमन दुसऱ्या तासात एकेक करून कसे उलटवतो, तेही नवी माहिती फारशी न देता.

चौथं त्याचंच 'द चाइम्स ऑफ मिडनाइट'. १९०६ सालची नाताळची आदली रात्र, लंडनमधलं एक बडं घर, पण आपण फक्त तळघरात, नोकरांच्या खोल्यांत. घड्याळाचे ठोके पडतात, खून होतात, आणि माणसं काही घडलंच नाही अशी वागतात. पुडिंगबद्दलचं एक साधं वाक्य पुन्हा पुन्हा येतं. पहिल्यांदा ते स्वयंपाकिणीचं कौतुक वाटतं, तिसऱ्यांदा अंगावर काटा येतो. शब्द तेच, आवाज तोच. रंगमंचावर पुनरावृत्ती केली की प्रेक्षकाला नटाचं अंग दिसतं, कपडे दिसतात, त्याचं लक्ष वाटलं जातं. इथे पळायला जागा नाही. घड्याळ हे पार्श्वसंगीत नसून पात्र आहे, हे कळायला वेळ लागतो आणि तोवर तुम्ही अडकलेले असता.

पाचवं 'स्पेअर पार्ट्स', लेखक मार्क प्लॅट. सायबरमॅन म्हणजे शरीराचे भाग बदलत बदलत माणूसपण गमावलेली माणसं. ती तशी कशी झाली याची ही गोष्ट. मात्र प्लॅट ती युद्धाने सांगत नाही. जमिनीखालच्या शहरातल्या एका साध्या कुटुंबाच्या बैठकीच्या खोलीत सांगतो. बाप, मुलगा, कामासाठी बोलावणं आलेली मुलगी. १९६६ च्या पहिल्या सायबरमॅन कथेत त्यांचा आवाज हेलकावे खाणारा, चुकीच्या जागी चढ-उतार असलेला होता. तो टीव्हीने लवकरच सोडून दिला होता. इथे तो मुद्दाम परत आणला आहे. ऐकताना जाणवतं की हा यंत्राचा आवाज नाही, माणसाने विसरत आणलेलं बोलणं आहे. याच नाटकात एका घराचं दार वाजतं, तो प्रसंग एकांकिका लिहिणाऱ्या प्रत्येकाने दोनदा ऐकावा. वर्णनाचा एक शब्द नाही.

म्हणजे तीन वर्षांत हिरव्या प्राण्याच्या वर्णनापासून त्या दारापर्यंतचा प्रवास. कुणी कार्यशाळा घेतली नाही. महिन्याला जवळपास एक नाटक काढायचं होतं, चुका लगेच ऐकू यायच्या, पुढच्या नाटकात सुधारायच्या.

सहावा डॉक्टर टीव्हीवर असह्य होता म्हणतात. इथे सगळे त्याचंच कौतुक का करतात?

कारण इथे त्याला संहिता मिळाली. कॉलिन बेकर १९८४ ते १९८६ टीव्हीवर होता. त्याचा डॉक्टर मुद्दाम उद्धट, फुशारक्या मारणारा लिहिला होता आणि पुढे तो हळूहळू उलगडायचा होता. मधेच मालिका लांबणीवर पडली, आणि मग बेकरलाच काढून टाकण्यात आलं. उलगडायचं राहून गेलं. वर अंगात असा रंगीबेरंगी कोट की लोकांना दुसरं काही आठवत नाही. ऑडिओत कोट दिसत नाही, हा एक मोठाच आधार.

पण खरं कारण एव्हलिन. मॅगी स्टेबल्सने रंगवलेली ही बाई पंचावन्न वर्षांची, विद्यापीठात इतिहास शिकवणारी, चॉकलेट केकवर प्रेम करणारी, आणि डॉक्टरला मधेच थांबवून 'पुरे आता' म्हणू शकणारी. टीव्हीवर डॉक्टरच्या सोबतीला बहुतेक तरुण मुली असायच्या, त्या प्रश्न विचारायच्या आणि तो उत्तरं द्यायचा. एव्हलिन उत्तरं देते. तिच्यासमोर हा फुशारकी मारणारा माणूस मऊ पडतो, पण लाचार होत नाही. आमच्या गटात निवृत्त प्राध्यापिका आहेत, एरंडवण्यातल्या. त्यांनी दोन नाटकांनंतर सांगून टाकलं की बाकीचे डॉक्टर तुम्ही ऐका, मला एव्हलिन असेल तेव्हा बोलवा. आम्ही तसंच करतो.

'ज्युबिली' (जानेवारी २००३, पुन्हा शिअरमन) तर तिच्याच खांद्यावर उभं आहे. डालेकांना, म्हणजे यांत्रिक कवचात राहणाऱ्या डॉक्टरच्या जुन्या शत्रूंना, हरवल्याच्या शंभरीचा उत्सव करणारं एक विकृत इंग्लंड, लंडनच्या टॉवरमध्ये कोंडलेला एकटा डालेक, आणि त्याच्याशी बोलणारी एव्हलिन. याच नाटकाच्या बीजावरून शिअरमनने २००५ च्या टीव्ही मालिकेसाठी 'डालेक' हा भाग लिहिला. टीव्हीचा भाग उत्तम आहे. पण त्यात कैदेची गोष्ट आहे. उत्सव करणाऱ्यांची गोष्ट नाटकातच राहिली.

भारताशी काही संबंध?

'स्टॉर्म वॉर्निंग'चा आहे, आणि चांगलाच. जानेवारी २००१ मध्ये हे आलं, मॅकगॅनचं पहिलं ऑडिओ नाटक, लेखक ॲलन बार्न्स. घटना घडतात आर-१०१ या ब्रिटिश हवाई जहाजावर, म्हणजे एअरशिपवर. हे जहाज खरं होतं. ४ ऑक्टोबर १९३० च्या संध्याकाळी ते इंग्लंडमधल्या कार्डिंग्टनहून निघालं, मध्ये इजिप्तमधल्या इस्माइलियाला थांबून कराचीला जायचं होतं. कराचीत त्याच्यासाठी अवाढव्य हँगर उभारून ठेवलं होतं. ५ ऑक्टोबरच्या पहाटे उत्तर फ्रान्समध्ये बोव्हे गावाजवळ ते कोसळून पेटलं. ५४ पैकी ४८ माणसं गेली. त्यांत ब्रिटनचे हवाईमंत्री लॉर्ड थॉमसन होते. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, तो वेगळा झाला १९३६ मध्ये. म्हणजे ते जहाज निघालं होतं ते आपल्याच इलाख्याकडे.

नाटकात या जहाजावर चार्ली पोलार्ड नावाची अठरा वर्षांची मुलगी वेश बदलून लपून चढलेली असते. इंडिया फिशरने तिचं काम केलंय. (नटीच्या नावातला इंडिया हा योगायोग.) इतिहासाप्रमाणे तिने मरायला हवं, डॉक्टर तिला वाचवतो, आणि इतिहास बिघडल्याचा हिशेब पुढच्या दीड वर्षाच्या नाटकांत चुकता होत जातो. सुरुवातीच्या त्या एकट्याच्या बडबडीबद्दल वर तक्रार केलीच आहे. एकदा चार्ली आली की मात्र नाटक सुटतं.

डालेकचा आवाज कसा काढतात?

रिंग मॉड्युलेटरने. नटाच्या आवाजाची लहर सुमारे ३० हर्ट्झच्या दुसऱ्या लहरीने गुणली जाते, त्यामुळे मूळ सूर नाहीसा होऊन तो खरखरीत, थरथरता आवाज उरतो. पण यंत्र अर्धंच काम करतं. शब्दांचे तुकडे पाडून, आवाज वर चढवत नेऊन बोलावं लागतं. १९६३ मध्ये ही पद्धत पीटर हॉकिन्स आणि डेव्हिड ग्रॅहम यांनी बसवली. २००५ पासून टीव्हीवर डालेक ऐकू येतात ते निकोलस ब्रिग्जच्या तोंडून. कॅसेटवर घरगुती डॉक्टर रंगवणारा तोच.

ही नाटकं 'खरी', म्हणजे टीव्हीवरच्या गोष्टीचाच भाग, धरायची का?

कट्ट्यावर यावरून तास-तास वाद होतात. माझ्यापुरता तो २०१३ मध्ये मिटला. त्या वर्षी बीबीसीने एक छोटी फिल्म काढली. तिच्यात मॅकगॅनचा डॉक्टर मरण्याआधी आपल्या सोबत्यांची नावं घेतो. पहिलं नाव चार्ली.

इंग्रजी झेपेल का?

बहुतेकांना झेपतं. लंडनबाहेरचे आणि नोकरवर्गाचे उच्चार सुरुवातीला जड जातात, 'चाइम्स'मध्ये तर विशेष. पहिला भाग दोनदा ऐका. वेग कमी करून ऐकू नका. ठोके, श्वास, थांबणं, सगळ्याची लय जाते.

आकाशवाणीच्या श्रुतिकांवर वाढलोय. त्या तोडीचं आहे का?

वेगळं आहे. पुणे आकाशवाणी १९५३ ची. त्याआधीपासून आपल्याकडे मुंबई केंद्राचं नाटक ऐकायची सवय होती. प्रभाकर जोशी, नीलम प्रभू, बाळ कुडतरकर यांचं 'पुन्हा प्रपंच' आठवणाऱ्या पिढीला आवाजावरून माणूस उभा करणं काही नवं नाही. त्या मंडळींकडे सहजता होती, ती या ब्रिटिश नाटकांत पहिल्या वर्षी नाही. उलट ध्वनिआरेखन हे त्यांचं बलस्थान आहे. नट बहुधा वेगवेगळ्या काचेच्या खोल्यांत उभे राहून बोलतात, म्हणजे प्रत्येकाचा आवाज स्वच्छ, वेगळा मिळतो. एक नाटक साधारण दोन दिवसांत मुद्रित होतं. पावलं, दारं, वारा, संगीत हे सगळं नंतर एक माणूस बसून भरतो. त्यामुळे डोक्याभोवती जागा तयार होते. तोटा असा की कधीकधी दोन पात्रं एकाच खोलीत आहेत यावर विश्वास बसत नाही.

मुलांना ऐकवू का?

'फँटस्मगोरिया', 'फायर्स ऑफ व्हल्कन' आणि डिसेंबर २००१ चं विनोदी 'द वन डॉक्टर', ही बिनधास्त. 'होली टेरर' आणि 'ज्युबिली' नको. एक सूचना: 'डॉक्टर हू अँड द पायरेट्स' (एप्रिल २००३) मध्ये तिसरा भाग चक्क गाण्यांचा आहे, गिल्बर्ट आणि सलिव्हनच्या जुन्या इंग्रजी संगीतिकांच्या चालीवर. संगीत नाटकाची सवय असलेल्या पुणेकरांना मजा येते आणि ते मुलांना घेऊन बसतात. बसू नका, शेवट फार जड आहे.

ओळखीचे नट आहेत का कुणी?

'कोल्डिट्झ' (ऑक्टोबर २००१) मध्ये नाझी अधिकारी कुर्ट्झ ऐका. तो डेव्हिड टेनंट. चार वर्षांनी तोच टीव्हीवर दहावा डॉक्टर झाला. 'इन्व्हेडर्स फ्रॉम मार्स'मध्ये सायमन पेग आहे. ते नाटक ऑर्सन वेल्सच्या १९३८ च्या मंगळावरच्या स्वारीच्या रेडिओ कार्यक्रमाभोवती फिरतं. म्हणजे रेडिओ नाटकाबद्दलचं ऑडिओ नाटक. कल्पनेइतकं ते रंगत नाही.

मिळतात कुठे?

बिग फिनिशच्या संकेतस्थळावर डाउनलोड विकत मिळतात. जुनी नाटकं नव्यांपेक्षा स्वस्त असतात. टेलिग्रामवरच्या फुकट फाइली मागू नका, आम्ही देत नाही.

कुठे, कसं ऐकावं?

एक भाग साधारण पंचवीस-तीस मिनिटांचा, नाटक बहुधा चार भागांचं. वनाज ते रामवाडी मेट्रोत एक भाग आरामात होतो. डेक्कन क्वीनमध्ये अख्खं नाटक होऊन वर वडा-पावाला वेळ उरतो. दुचाकीवर इयरफोन घालून ऐकू नका, हे पुण्यात सांगावं लागतं. सिंहगडावर चढताना ऐकायचा प्रयोग आमच्यातल्या काहींनी केला. धाप स्वतःची की डॉक्टरची ते कळेना.

गटात ऐकताना दिवे मंद, मोबाइल बंद, आणि दोन भागांनंतरच चहा. भाग मधे थांबवून मागचं समजावून सांगणाऱ्याला पुढच्या वेळी भांडी घासावी लागतात. गुरुवारी बैठक ठेवत नाही, वीज कधी जाईल याचा नेम नाही. आणि नदीकाठी ढोलपथकांचा सराव सुरू झाला की विसर्जनापर्यंत बैठका बंद. 'चाइम्स ऑफ मिडनाइट'च्या घड्याळाला ताशाची साथ आम्ही एकदा ऐकली आहे.

मराठीत करू या का?

दरवेळी कुणीतरी म्हणतंच. भाषांतर करायला आणि सादर करायला हक्क असणाऱ्यांची परवानगी लागते, आणि डॉक्टरच्या बाबतीत ती बीबीसीपर्यंत जाते. त्यापेक्षा आपलं लिहा. मानमोडीच्या लेण्यांत, मुठेच्या पुरात, पानशेत फुटलं त्या १९६१ च्या सकाळी काळप्रवासी आणून सोडायला कुणाची परवानगी नको. दोघांनी लिहायला घेतलंय. एकाच्या पहिल्या पानावर हिरवा प्राणी डाव्या दारातून येतोय, पण ते सुधारेल.

किती नाटकं ऐकायची? थांबायचं कुठे?

ही मुख्य मालिका मार्च २०२१ मध्ये २७५ व्या नाटकावर संपली. आम्ही पहिल्या पन्नासांतच राहतो. पन्नासावं 'झॅग्रियस', नोव्हेंबर २००३, मालिकेच्या चाळिशीसाठी काढलेलं. जवळपास चार तास, तीन सीडी, पाचवा ते आठवा असे चारही डॉक्टर हजर पण बरेचसे दुसऱ्याच भूमिकांत, शिवाय टीव्हीवरचा तिसरा डॉक्टर, दिवंगत जॉन पर्टवी, याचा जुन्या ध्वनिमुद्रणातून उचललेला आवाज. महत्त्वाकांक्षा प्रचंड आणि गुंता त्याहून प्रचंड. चार्लीची गोष्ट कुठे पोचते हे कळायला ते ऐकावं लागतं, दुसरं कारण मला सापडलेलं नाही. एकट्याने, सुट्टीच्या दिवशी ऐका. बैठकीत लावायचा आग्रह करू नका, यावर मात्र गटाचं एकमत आहे.